रेव्हरंड टिळकांचे घर

कल्याणला लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्यावरून थळघाट चढून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत धावू लागली. १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि १८६५ मध्ये थळघाट. त्यानंतर चार वर्षांनी, १८६९ मध्ये, सात-आठ वर्षांचा एक मुलगा कल्याणच्या शाळेत जाऊ लागला. नारायण वामन टिळक त्याचे नाव. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत सतत फिरतीवर, आई जानकीबाई कवितेची आणि भक्तीची ओढ असलेली. मुलाचा ओढा सगळा आईकडे होता. १८७३ मध्ये आई गेली, वडिलांशी त्याचे जुळणे शक्यच नव्हते, आणि अकरा-बारा वर्षांचे ते पोर घर सोडून नाशिकला निघून गेले. कल्याणची चार वर्षे तिथे संपली, आणि आईच्या हाताखालचे घरही.

शाळेच्या पुस्तकांतून टिळक आपल्याला भेटतात ते ‘केवढे हे क्रौर्य’चे कवी म्हणून, फुलामुलांचे कवी म्हणून. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ते रेव्हरंड टिळक आहेत. त्यांची भजने आजोबांपासून नातवंडांपर्यंत पाठ असतात. या दोन ओळखींच्या मध्ये एक तिसरी ओळख आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. टिळक हे संसारी धर्मोपदेशक होते. बायको, मुले, पाहुणे, अनाथ पोरे, उधारी, भांडणे आणि समेट या सगळ्यांसकट त्यांनी धर्म सांगितला. त्यांच्या उपदेशाची खरी परीक्षा उपासनामंदिरात झाली नाही, ती त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. त्या परीक्षेचा निकाल लिहून ठेवणारी व्यक्तीही त्याच घरात होती.

तिचे माहेर नाशिकजवळचे, गोदाकाठचे जलालपूर. गोखल्यांची मनकर्णिका, जन्म १८६८ चा; १८८० च्या सुमारास टिळकांशी लग्न होऊन ती लक्ष्मी झाली. तिच्या माहेरच्या सोवळ्याची कथा मराठी वाचकांना ठाऊक आहे. १८५७ च्या बंडात कुटुंबातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली, त्याचा धक्का तिच्या वडिलांनी घेतला आणि त्यातून असे सोवळे उभे राहिले की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अशा घरातली मुलगी अशा नवऱ्याच्या पदरी पडली, की ज्याचा पाय एका गावात टिकत नव्हता. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकलेले टिळक कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी वक्ते. राग आला की घरातून निघून जायचे, उमाळा आला की परत यायचे. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. बायकोला लिहायला-वाचायला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट होता, आणि त्या हट्टाने पुढे मराठीला एक थोर लेखिका दिली.

नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांचे काही बरे चालले. ‘ऋषी’ नावाचे मासिक ते चालवत. हिंदू धर्मातल्या जातिभेदाने ते अस्वस्थ होते, देशाच्या उद्धाराला कोणता धर्म आधार देईल याचा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणे झाले. त्याने त्यांच्या हाती बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थांबले, आणि मग मागे फिरले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घर फुटले ते इथे. मुलगा दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा होता. लक्ष्मीबाई त्याला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा जिवंत असून सुतक आल्यासारखे दिवस. समाजाच्या लेखी टिळक मेले होते; लक्ष्मीबाईंच्या लेखी ते मेले नव्हते, म्हणूनच दुःख जास्त होते. चार-पाच वर्षे पत्रे गेली, आली. रागाची, विनवणीची, कवितेतलीही. टिळकांनी बायकोला धर्म बदल असे जबरीने सांगितले नाही आणि दुसरा घरोबाही केला नाही. ते वाट पाहत राहिले. अखेर त्या नगर जिल्ह्यात त्यांच्याकडे आल्या, पण अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळे, विटाळ पाळायचा. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको, असा संसार सुरू झाला.

माझ्या मते टिळकांच्या पाळकपणाची सुरुवात या वेगळ्या चुलीपाशी आहे. १९०४ मध्ये त्यांना रीतसर दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. पण त्याआधी काही काळ ते आपल्याच घरात आपल्यापेक्षा निराळ्या श्रद्धेच्या माणसाबरोबर सन्मानाने राहायला शिकले होते. लक्ष्मीबाई बदलल्या त्या कुणाच्या प्रवचनाने नाही. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशी निकाल लावला, आणि ज्यांच्या हातचे पाणी कालपर्यंत चालत नव्हते त्यांच्या हातचे घ्यायला आरंभ केला. आधी जात गेली, मग धर्म बदलला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळात टिळकांनी त्यांचे सोवळे मोडले असते, तर हा निर्णय त्यांचा स्वतःचा राहिला नसता.

पुढे नगरचे आणि राहुरीचे ते घर एक संस्थाच झाले. तिला फलक नव्हता, घटना नव्हती, हिशेबाची वही तर नव्हतीच. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि प्लेग या काळात आईबाप गमावलेली मुले त्या घरात आली आणि तिथलीच झाली. विद्यार्थी राहायचे, वाट चुकलेले तरुण राहायचे, ओळखदेख नसलेला माणूस जेवणाच्या वेळी हजर असला तर त्याचे पान मांडले जाई. टिळक मिशनरी डॉ. ह्यूम यांच्या नगरच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवत, गावोगाव कीर्तने करत, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग संपादत. १८४२ मध्ये नगरला निघालेल्या या जुन्या पत्राची ती जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. मिळकत बेताची आणि हात सढळ. घरखर्चाचे पैसे रस्त्यात भेटलेल्या गरजूच्या हाती जायचे आणि डबा रिकामा राहायचा. त्या रिकाम्या डब्यातून दहा-पंधरा पाने वाढायची किमया लक्ष्मीबाईंची. टिळकांच्या दानशूरपणाचे जे कौतुक होते, त्यातला निम्मा वाटा तिचा आहे, हे सांगितल्याशिवाय त्यांचे स्मरण पुरे होत नाही.

त्या घरात आलेल्यांतले एक नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना कर्नल कीर्तिकरांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. हा हळवा, पटकन रुसणारा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. तो हिंदू, घर ख्रिस्ती. कुणीही कुणाला बदलू पाहिले नाही. टिळकांनी त्याच्या कवितेला जपले, लक्ष्मीबाईंनी त्याच्या रुसव्यांना. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रुळांवर बालकवींचा अंत झाला. एका घरात एकाच वेळी फुलामुलांचा कवी, निसर्गाचा कवी आणि ‘स्मृतिचित्रे’ची भावी लेखिका नांदत होती, याहून मोठे श्रेय कोणत्या साहित्यसंस्थेला मागता येईल?

आता त्यांच्या भजनांविषयी, कारण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मराठी उपासनांत टिळक आजही जिवंत आहेत ते त्यामुळे. त्यांच्या आधी मराठी ख्रिस्ती गीतांचा मोठा भाग इंग्रजी गीतांवरून उतरवलेला असे. चाल परकी, तिच्यात मराठी शब्द कोंबलेले. ऱ्हस्वाचे दीर्घ करून गायचे. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेवर अभंग आणला. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. शिकवावे लागत नाही, कारण कान आधीच शिकलेला असतो. निरक्षर माणूसही टाळ धरून साथ देतो आणि शेवटचा आखूड चरण येतो तेव्हा श्वास घ्यायला उसंत मिळते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. त्यांच्या रचनेत ते दिसते. भाव ख्रिस्ताविषयीचा, पण लडिवाळपणा, भांडण, हट्ट सगळे वारकऱ्यांचे. देवाला आई म्हणून हाक मारण्याची सवयही तिथलीच. ‘अभंगांजली’तले अभंग आणि ‘उपासना संगीता’तली त्यांची गीते गाताना आपण कुणा परक्याच्या देवळात उभे आहोत असे वाटत नाही.

मला या भजनांत घराचा वाससुद्धा येतो. आई लहानपणी गेलेल्या मुलाने देवाला आई म्हणणे, आणि बायकोची चार-पाच वर्षे वाट पाहिलेल्या माणसाने विरहावर लिहिणे, यात कल्पनेचा भाग थोडा आहे. टिळकांनी संसारावर, बायकोवर, मुलांवर मोकळेपणाने कविता लिहिल्या. त्या काळच्या मराठी कवितेत स्वतःची बायको हा विषय म्हणून आणणे ही धिटाई होती. धर्मगुरूने ती करणे तर अधिकच.

आयुष्याच्या शेवटी मिशनचे छप्परही त्यांना अपुरे वाटू लागले. ख्रिस्त हवा पण परदेशी साज नको, असे वाटणाऱ्या हिंदी माणसाला कुठे जागा आहे, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र नांदतील असे हे कुटुंब असावे, ही त्यामागची कल्पना. ही कल्पना त्यांनी हवेतून काढली नव्हती. नगरच्या घरात वेगळ्या चुलीसकट लक्ष्मीबाई राहिल्या होत्या, बालकवी राहिले होते; दरबार म्हणजे त्याच घराचे वाढवलेले अंगण होते. त्याला वेळ मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला. ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे दहन, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मरतानाही त्यांनी देशी रीत सोडली नाही.

त्यानंतरचे काम घराने केले. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली, काही काळ मुलाकडे कराचीला राहिल्या. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. जिला त्यांनी अक्षरओळख दिली तिने पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरे केले. मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी आठवणी लिहून दे, असे त्याने आईला सांगितले आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आले. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे त्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्या एका माणसाची आठवण जपत आल्या.

त्या पुस्तकात लक्ष्मीबाई नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात आणि त्याचे काही झाकत नाहीत. त्याचा राग आहे, बेफिकिरी आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे. तरी शेवटच्या पानापर्यंत वाचकाचा जीव या माणसावर जडतो. संतचरित्रे भक्तांनी लिहिलेली असतात. इथे साक्ष देणारी बाई रोज त्याचे कपडे, पैसे, पाहुणे आणि लहरी सांभाळत होती. तिने सगळे सांगून त्याला आपले मानले, तेव्हा त्या मानण्याला वजन आले.

ठाण्यात तळ्याकाठच्या जुन्या चर्चच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ख्रिस्ती घरे आहेत. कल्याण-डोंबिवलीत नोकरीधंद्यासाठी घाटावरून उतरून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांचे पंथ निराळे, बोलीही निराळी. पण मराठी भजनाची वही उघडली की टिळक सर्वांचे होतात. ज्या कल्याणात त्यांनी शाळकरी वर्षे काढली, तिथे टिळक म्हटले की दुसरेच थोर टिळक आठवतात, हे साहजिक आहे. तरी या शहराच्या मुलांना एवढे तरी कळावे, की आईवेगळे झालेले एक पोर इथून निघाले आणि पुढे त्याने कित्येक आईवेगळ्यांना घर दिले. धर्मगुरूचे मोठेपण आपण त्याच्या मंडळीच्या आकड्यावर मोजतो. टिळकांचे मोजायचे तर वेगळी चूल मांडणाऱ्या माणसालाही त्यांच्या घरात किती दिवस, किती मानाने राहता आले, यावर मोजावे. आज शेजाऱ्याची श्रद्धा पाहून दार उघडायचे की नाही ते ठरवले जाते, तेव्हा हे माप आपल्या प्रत्येकाच्या घराला लावून पाहण्याची गरज आहे.