खांबावरचं वळण आणि मुलीचा गुडघा

मागच्या भागानंतर हिंगणघाटहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. मुलगी नववीत, शाळेच्या खो-खो संघात आहे, गुडघा दुखतो म्हणते. आजी म्हणते, बंद कर. "खरंच बंद करू का?" आज याच प्रश्नावर बोलू, पण आधी मैदानात जाऊ.

खो-खोत पळणाऱ्याला सगळी मुभा. बसलेल्यांच्या मधून तो कुठूनही आरपार जातो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की माघारी फिरताही येत नाही. फिरायचं तर खांबाला वळसा घालूनच. म्हणून सगळी गंमत खांबावर.

आता थोडं गणित, घाबरू नका. ५० किलोची मुलगी सेकंदाला ५ मीटर वेगाने आली आणि १ मीटर त्रिज्येचं वळण घेऊ लागली, तर तिला आतल्या बाजूला १२५० न्यूटन जोर लागतो. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अडीच पट! मोकळ्या मातीवर पायाची पकड वजनाच्या निम्मी मिळाली तरी खूप झालं. उरलेला जोर कुठून आणायचा? हाताने. खांब धरला की हात तिला आत ओढतो. तेवढ्यानेही भागत नाही, म्हणून चांगली खेळाडू खांबाआधी वेग जरा कमी करते. ५ चा वेग ४ वर आणला तर जोर १२५० वरून थेट ८०० वर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. सर "खांबाशी पाय आवर" म्हणून ओरडतात ना, ते हेच.

आता गुडघा. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणारा एक दोर असतो, एसीएल. नडगी पुढे सरकू नये, पिळू नये, हे त्याचं काम. पाय जमिनीत रुतलेला, गुडघा जवळजवळ सरळ, आणि वरचं शरीर वळलं, की सगळा पीळ त्या दोरावर येतो. कुणी धक्काही दिलेला नसतो, तरी तो तुटतो. वयात आलेल्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त दिसते. ऑपरेशन झालं तर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा जास्तच.

इथे मातीचा मुद्दा येतो. आपल्याकडे पोरं मातीवर शिकतात, पाय थोडा घसरतो आणि पीळ निघून जातो. मॅटवर पकड जास्त, पाय अडकून राहतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक मॅटवरच झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोघे कर्णधार महाराष्ट्राचे. खेळ मॅटवर जाणारच. पण वर्षभर मातीवर सराव आणि स्पर्धेच्या दिवशी एकदम मॅट, हे मला धोक्याचं वाटतं. आधी काही दिवस तरी मॅटवर हळूहळू वळायला मिळायला हवं.

तर ताई, बंद करू नका. पण दुखणं अंगावरही काढू नका. सूज असेल, किंवा गुडघा मध्येच सुटल्यासारखा वाटत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर खेळ नको. तसं काही नसेल आणि उडी मारताना दुखत नसेल, तर एक गोष्ट घरी करून बघा. तिला घराच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का? पाय ताठ राहतात का? तसं असेल तर सरांना व्हिडिओ दाखवा. गुडघा वाकवून, पंजाच्या रेषेत ठेवून उतरणं, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, हे वॉर्मअपमध्येच बसवता येतं. रोज दहा-पंधरा मिनिटं. स्पर्धेच्या आठवड्यात सुरू करून उपयोग नाही बरं, आत्तापासून करा.

व्हिडिओत काय दिसलं ते मात्र आम्हाला कळवा.