मला चव बघू दे!

कोल्हापूरच्या मुलासाठी पुस्तक करायचं तर गुऱ्हाळासारखा विषय नाही. पहिल्या पानावर ट्रॉलीतून उतरवलेला ऊस. दुसऱ्यावर चरक आणि खाली पडणारा रस. मग चुलवाणावरची काहील, वर आलेली मळी काढणारा गुळव्या, काकवी, वाफ्यात ओतलेला गूळ आणि शेवटी बांधून ठेवलेला रवा. प्रत्येक पानावर एक नवं छोटं वाक्य: ऊस आला. रस निघाला. रस उकळतोय. आणि त्याच्याखाली दरवेळी तेच वाक्य: मला चव बघू दे! मळीच्या पानावर हे वाक्य आलं की वर्ग हसणारच. शेवटच्या पानावर मात्र ते बदलतं: लई गोड!

हे पुस्तक ज्या मुलांसाठी करायचं, त्यांच्या तोंडून शब्द येत नाहीत किंवा आले तरी परक्याला कळत नाहीत. कुणाला सेरेब्रल पाल्सी असते, कुणी स्वमग्न असतं, कुणाला डाऊन सिंड्रोम असतो. ती यंत्राच्या आधारानं बोलतात. सगळ्यात साधं यंत्र म्हणजे बशीएवढं गोल बटण. त्यात एक वाक्य रेकॉर्ड करायचं; मुलानं हाताची मूठ, कोपर, गाल, जे हलेल त्यानं दाबलं की ते वाक्य मोठ्यानं ऐकू येतं. त्याच्या पुढची पायरी टॅबलेटची: चित्रांच्या चौकटी, बोट लावलं की शब्द उच्चारला जातो. आयआयटी मुंबईच्या अभिकल्प विभागात तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीत आहे. चेन्नईत 'आवाज' तयार झालं. त्यामुळे यंत्र आता आवाक्याबाहेरचं राहिलेलं नाही. कमतरता आहे ती त्या यंत्रानं वाचता येईल अशा आपल्या पुस्तकांची.

एकच ओळ पानोपानी परत आणण्यामागे भाबडेपणा नाही. बोलू न शकणाऱ्या मुलाची खरी अडचण वेळेची असते. वर्गात संभाषण धावत असतं. हात उचलून बटणापर्यंत नेईतो विषय पुढे निघून गेलेला असतो. ओळ ठरलेली असली की आपली पाळी कधी येणार हे मुलाला आधीच ठाऊक होतं. ते तयारीत राहतं, हात सरकवून ठेवतं, बाईंच्या तोंडाकडे बघतं. पाळी हुकली तरी पुढच्या पानावर ती पुन्हा येणारच असते. पोवाड्यात झीलकऱ्याची जागा असते ना, तशी ही जागा आहे. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या या गावात झील धरणाऱ्याला कुणी कमी लेखणार नाही. त्याच्याशिवाय शाहिराला दम घ्यायलाही उसंत मिळत नाही.

इंग्रजीत अशा पुस्तकांची परंपरा मोठी आहे. बिल मार्टिन यांनी लिहिलेलं आणि एरिक कार्ल यांनी चितारलेलं 'ब्राऊन बेअर, ब्राऊन बेअर, व्हॉट डू यू सी?' 1967 साली आलं आणि विशेष शिक्षणाच्या वर्गांनी ते उचलून धरलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कॅरन एरिक्सन आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक गॅरी बिशप यांनी 2008 साली 'टार हील रीडर' हे मोफत ग्रंथालय सुरू केलं. त्यात कुणीही साधं पुस्तक करून ठेवावं आणि ते बटणानं पान उलटून वाचता यावं, अशी सोय आहे.

पण आपल्याला हे बाहेरून आणायची गरजच काय? पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारावर येतो, पुन्हा पुन्हा तेच मागतो आणि चिमणी दरवेळी बाळाचं नवं काम सांगून त्याला थांबवते. ती गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला पुनरावृत्तीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. लेकीकडून परतताना भोपळ्यात बसून निघालेली म्हातारी तशीच. आजीनं या गोष्टी सांगताना ती ठरलेली ओळ स्वतः कधी पुरी केली नाही. अर्ध्यावर थांबली आणि नातवंडांकडे बघितलं. विशेष शिक्षक आज जी पद्धत प्रशिक्षणात शिकतात, ती हीच.

ओळ निवडणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. दिवसभराच्या बोलण्याचा बराचसा भार मूठभर शब्द उचलतात: मला, दे, नको, अजून, बघ, चल, थांब, झालं. पुस्तकाची ओळ शक्यतो यांतूनच बांधावी. 'काहील' हा शब्द एका पुस्तकापुरता. 'दे' हा घरी, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे चालतो. 'मला चव बघू दे' मध्ये तीन कामाचे शब्द आहेत, म्हणून ती ओळ चांगली. तिच्यात आणखी एक सोय आहे. मुलगा 'मी जातो' म्हणतो, मुलगी 'मी जाते' म्हणते. एकच पुस्तक वर्गात सगळ्यांच्या हातून फिरणार असेल तर क्रियापद कुणाच्या तोंडी चुकीचं पडू नये. 'मला दे', 'अजून हवं', 'नको', 'चला' या ओळी मुलगा-मुलगी दोघांना चालतात. बदलणारा शब्द ओळीच्या मधोमध आला तर आणखी पंचाईत: 'मला ऊस दे', 'मला रस दे' असं केलं तर बटणातलं वाक्य प्रत्येक पानाला नव्यानं भरावं लागेल. म्हणून बदलणारा मजकूर वरच्या वाक्यात आणि न बदलणारी ओळ स्वतंत्र, अशी मांडणी मराठीत बरी पडते.

विषयाला कोल्हापुरात तोटा नाही. चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेचं पुस्तक करा: सासनकाठी निघाली, दवणा वाहिला, गुलाल-खोबरं उधळलं, आणि प्रत्येक पानाखाली एकच शब्द, 'चांगभलं!' डोंगरावर हजारो माणसं जो गजर करतात, त्यात ज्याला कधी आवाज मिसळता आला नाही ते मूल वर्गात का होईना, तो गजर करतं. भाषा शिकवण्याच्या दृष्टीनं हा शब्द रोजच्या उपयोगाचा नाही, पण पहिलं पुस्तक आनंदाचं असावं असं माझं मत आहे. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पुस्तकाची ओळ 'अजून वाढ!' रंकाळ्यावरच्या भेळेच्या पुस्तकाची 'तिखट नको!' ही शेवटची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. न बोलणाऱ्या मुलाला भरवणारे, उचलणारे, बसवणारे हात पुष्कळ असतात. 'नको' म्हणायची संधी फार थोडी मिळते.

पुस्तक प्रत्यक्ष घडतं ते कात्री, डिंक आणि झेरॉक्सच्या दुकानात. फोटो मोबाईलवर काढायचे, एका पानावर एकच चित्र, भोवती गर्दी नको. मेंदूतल्या दोषामुळे ज्यांना नीट दिसत नाही अशा मुलांसाठी चित्रामागे काळा कागद लावला तर ते उठून दिसतं. अक्षर मोठं. जाड कार्डशीट, लॅमिनेशन, स्पायरल बाईंडिंग. आखडलेल्या बोटांना पान उलटता यावं म्हणून प्रत्येक पानाच्या कडेला भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा चिकटवायचा. पानांमध्ये फट राहते आणि मूठ आत शिरते. हा तुकडा खालीवर सरकवत लावला तर प्रत्येक पानाला वेगळी पकड मिळते. चिन्हचित्रं हवी असतील तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारच्या 'आरासाक' संग्रहातून व्यापारी हेतू नसेल तर मोफत घेता येतात. 'प्रथम बुक्स'नं 2015 साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर खुल्या परवान्याची मराठी पुस्तकं आहेत, ती सोपी करून वापरायला आडकाठी नाही.

मग आवाज. बटणात बाईंचा आवाज भरणं सोपं पडतं, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी चाळिशीतल्या बाईंचा आवाज शोभत नाही. त्याच वयाच्या मुलानं, मुलीसाठी मुलीनं, ओळ भरावी. तीही पुस्तकी सुरात नको. कोल्हापुरी हेल येऊ दे.

वाचताना मोठ्यांची परीक्षा असते. वरचं वाक्य वाचायचं, मग थांबायचं. मनात दहा अंक मोजायचे, लागलं तर आणखी. गप्प बसवत नाही म्हणून मुलाचा हात धरून बटणावर दाबणं ही सगळ्यात वाईट सवय. तसं केलं की आवाज आपला, मत आपलं, मूल नुसतं निमित्त. त्याऐवजी आपण स्वतः बटण दाबून दाखवावं, बोट दाखवावं आणि पुन्हा थांबावं.

पालकांची एक भीती नेहमीची असते: यंत्राची सवय लागली तर पोर बोलायचंच नाही. डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लोसर यांनी 2006 साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्या 27 जणांबद्दल खात्रीलायक पुरावा होता, त्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं. हा आकडा प्रत्येक बालवाडीच्या भिंतीवर लावावा असा आहे.

या पुस्तकांना मर्यादाही आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. एका ओळीचं बटण वर्षानुवर्षं त्याच ओळीवर ठेवलं तर ते मुलाला बांधून टाकतं. दुसऱ्यानं ठरवलेलं वाक्य दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळी उच्चारणं म्हणजे पूर्ण बोलणं नव्हे. ओळ पाठ झाली की तिचे शब्द टॅबलेटवर सुटे करून द्यावेत: 'मला' इथं, 'बघू' इथं, 'दे' इथं. मग एखाद्या दिवशी पुस्तक मिटल्यावरही मूल 'दे' म्हणतं आणि काय हवं ते आपल्याला शोधावं लागतं. मालिनी चिब यांचं उदाहरण समोर आहे. त्यांच्यासाठी त्यांच्या आई मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली. एका बोटानं टाइप करून यंत्राद्वारे बोलणाऱ्या मालिनीताईंनी पुढे आपलं आत्मचरित्र लिहिलं.

कोल्हापूरला अपंगांच्या प्रश्नाची ओळख करून द्यावी लागत नाही. नसीमा हुरजूक यांनी 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था इथेच उभी केली आणि चाकाची खुर्ची वापरणारा माणूस शिकू शकतो, कमावू शकतो, हे या शहरानं डोळ्यांनी पाहिलं. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्याला बोलता येत नाही ते मूलही त्या 'सक्ती'त बसतं, हे देशाच्या कायद्यानं आता स्पष्ट केलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवादा'च्या व्याख्येतच बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं धरली आहेत, आणि अशा साधनांच्या वापराला चालना देणं ही सरकारची जबाबदारी कलम 17 मध्ये नोंदवली आहे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर शाळांनी एक काम हाती घ्यावं. आपल्या सातवी-आठवीच्या मुलांना एका सहामाहीत गटागटानं एकेक पुस्तक करायला सांगावं, ओळी त्यांच्याच आवाजात भरून घ्याव्यात आणि ती पुस्तकं जवळच्या विशेष शाळेत मुलांनी स्वतः जाऊन वाचावीत. कार्डशीट, लॅमिनेशन आणि बाईंडिंग एवढाच खर्च आहे, आणि तो शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून कितीतरी कमी आहे.