राफ्टिंगची साधने

कर्जतच्या उल्हास नदीला राफ्टिंगजोगा वेग येतो तो पावसाळ्यात. रायगडातच कोलाडला मात्र कुंडलिकेवर इतर ऋतूंतही राफ्टिंग चालते, कारण मुळशीच्या तलावाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पुढे याच नदीत येते.

राफ्ट म्हणजे जाड, रबरी कापडाची हवा भरलेली होडी. तिच्यात हवेचे स्वतंत्र कप्पे असतात, त्यामुळे एक फाटला तरी ती तरंगत राहते. बऱ्याच राफ्टच्या तळाला कडेने भोके असतात. आत आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते. काठाभोवतीची दोरी पडलेल्या माणसाला धरण्यासाठी असते.

वल्ह्याच्या टोकाला आडवी मूठ असते. एक हात कायम तिच्यावर हवा. मूठ सुटली, तर ती शेजाऱ्याच्या तोंडावर बसते.

लाइफ जॅकेट अंगाला घट्ट हवे. खांद्यापाशी धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकले, तर पट्टे सैल आहेत असे समजावे. हेल्मेट खडकांपासून डोके वाचवते. त्याने कपाळ झाकले गेले पाहिजे.

मार्गदर्शकाकडे पिशवीत भरलेली बचावदोरी असते. ती फेकल्यावर पाण्यातल्याने दोरी छातीशी धरून पाठीवर तरंगावे. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये.