गुण नसलेल्या चिठ्ठ्या : मोबाइलवरील पाठात ओढून ठेवण्याच्या प्रश्नाची रचना

पडद्यावरील चिठ्ठी बोटाने ओढून योग्य चौकटीत ठेवावी, असा एक प्रश्नप्रकार मोबाइलवरील व संगणकावरील पाठांत आता रूढ झाला आहे. लिहिण्याची आवश्यकता नसल्यामुळे तो सर्वांस सोपा जातो, आणि शेतीतील लक्षणांची व उपायांची वर्गवारी शिकविण्यास तो विशेष उपयोगी आहे. परंतु अशा प्रश्नात काही चिठ्ठ्या अशा असतात की, त्यांना गुण द्यावयाचे नसतात. त्यांची योजना नीट न केल्यास अचूक उत्तर देणाऱ्यास ‘चूक’ असा शेरा मिळतो, किंवा चुकीची समजूत पक्की होते. म्हणून पाठ तयार करणाऱ्यांनी व तो गावात चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही रचना समजून घेणे इष्ट आहे.

बारामती-इंदापूर भागातील उदाहरण

नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात तयार झाला आणि त्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाची शेती वाढली. त्याबरोबरच, जेथे निचरा अपुरा होता तेथे जमिनी पाणथळ होऊन खारावल्या. नीरा खोऱ्यातील या जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषि खात्याने १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. अशा जमिनींची ओळख हा या भागात शिकविण्याजोगा महत्त्वाचा विषय होय.

क्षारयुक्त जमिनीची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक, सामू ८.५ पेक्षा कमी आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. चोपण जमिनीत सोडियम १५ टक्क्यांहून व सामू ८.५ हून अधिक असतो, मात्र विद्युत वाहकता ४ पेक्षा कमी असते. पहिलीतील क्षार चांगल्या पाण्याने धुऊन निचऱ्यावाटे बाहेर काढावे लागतात. दुसरीस जिप्समसारखे भूसुधारक द्यावे लागते. पांढरट जमीन दिसताच जिप्सम आणून टाकणाऱ्या शेतकऱ्याचा पैसा वाया जातो आणि क्षार जागच्या जागीच राहतात. याचसाठी पाठातील चिठ्ठी कोठे ठेवली जाते, याला महत्त्व आहे.

चिठ्ठ्यांचे प्रकार

वरील विषयावर ‘क्षारयुक्त’ व ‘चोपण’ अशा दोन चौकटींचा प्रश्न करावयाचा आहे असे समजू. दोन्हींचे गुणधर्म असलेल्या क्षारयुक्त-चोपण जमिनींसाठी वेगळा पाठ करावा. प्रश्नात पुढील प्रकारच्या चिठ्ठ्या येतील.

(१) नमुन्याची चिठ्ठी : ‘उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर येतो’ ही चिठ्ठी आरंभीच ‘क्षारयुक्त’ चौकटीत ठेवून दाखवावी. ती हलणार नाही अशी पक्की करावी व गुणांत धरू नये.

(२) एकाच जागेच्या चिठ्ठ्या : दोन्ही जमिनींचे परीक्षणातील आकडे, ‘ओली असता चिकट, वाळल्यावर टणक’ हे चोपण जमिनीचे लक्षण आणि ‘जिप्सम’ हा उपाय. अशा चार चिठ्ठ्यांना प्रत्येकी एक गुण द्यावा.

(३) दोन्हीकडे चालणारी चिठ्ठी : ‘चर काढून निचरा करणे’. निचरा दोन्ही जमिनींस आवश्यक आहे. म्हणून ही चिठ्ठी दोन्ही चौकटींत मान्य करावी. एकाच चौकटीत मान्य केल्यास दुसऱ्या जमिनीस निचरा नको, असे शिकणाऱ्यास वाटेल.

(४) बाहेर राहणारी चिठ्ठी : ‘उसाची वाढ खुंटली आहे’. एवढ्यावरून जमिनीचा प्रकार ठरत नाही. येथे चिठ्ठी कोठेही न ठेवणे हेच योग्य उत्तर होय. म्हणजे ही चिठ्ठी गुण नसलेली दिसली, तरी तिची परीक्षा होतच असते.

(५) केवळ माहितीची चिठ्ठी : ‘माझ्या शेतास विहिरीचे पाणी आहे’. हिला बरोबर-चूक काहीच नाही. खरोखर गुणरहित अशी चिठ्ठी हीच.

यंत्र कोठे चुकते

चौथ्या व पाचव्या प्रकारांतील भेद सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. ज्या चिठ्ठीस चौकट नेमून दिलेली नाही, ती ‘कोठेच ठेवावयाची नाही’ असा अर्थ अनेक सॉफ्टवेअर लावतात. मग विहिरीची चिठ्ठी कोणत्याही चौकटीत पडली की संपूर्ण उत्तर चूक ठरते, किंवा गुण वजा होतात. यास उपाय म्हणजे अशी चिठ्ठी या प्रश्नातून काढून स्वतंत्र, गुण नसलेल्या पडद्यावर विचारावी.

उलटपक्षी, चुकीच्या ठेवणीबद्दल काहीच वजावट नसेल, तर उसाची चिठ्ठी चौकटीत कोंबणाऱ्यासही पूर्ण गुण मिळतात. एचफाइव्हपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशी वजावट चालू वा बंद करण्याची सोय आहे. ती प्रश्नाच्या स्वरूपानुसार ठरवावी.

आणखी एक अडचण आहे. चिठ्ठी बाहेर राहिली, ती विचारपूर्वक ठेवली की पाहावयाचीच राहिली, हे समजत नाही. म्हणून ‘माती परीक्षणानंतर ठरवावे’ अशी तिसरी चौकट द्यावी. उसाची चिठ्ठी तेथे ठेवली की एक गुण मिळावा. न ठरविणे हाही एक निर्णय आहे, ही सवय त्यामुळे लागते. आणि शेतावर हीच सवय उपयोगी पडते.

गुणांची बेरीज

विहिरीची चिठ्ठी वगळल्यावर पडद्यावर सात चिठ्ठ्या राहतात. त्यांपैकी एक नमुन्याची. म्हणून गुण सहापैकी दाखवावेत. ‘सातपैकी सहा’ असे दिसल्यास सर्व बरोबर करणारा आपली नसलेली चूक शोधीत बसेल. कोणत्या चिठ्ठीस गुण नाहीत, हे प्रश्नाच्या आरंभीच सांगावे. केवळ रंगाने तसे सुचवू नये. उत्तरानंतर प्रत्येक चिठ्ठीचे कारण एका वाक्यात द्यावे.

लहान पडद्यावर चिठ्ठी ओढताना पुष्कळदा पानच सरकते. यासाठी चिठ्ठीवर एकदा व चौकटीवर एकदा बोट टेकवून ती ठेवता येईल, अशी पर्यायी सोय असावी. वेबवरील मजकुराच्या सुलभतेविषयी २०२३ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ आवृत्तीतही ओढण्याच्या क्रियेस असा पर्याय देण्यास सांगितले आहे.

पाठ देण्यापूर्वीची चाचणी

पाठ गावात नेण्यापूर्वी तो तीन वेळा चालवून पाहावा. पहिल्या वेळी सर्व चिठ्ठ्या योग्य जागी ठेवाव्यात. सहापैकी सहा गुण आले पाहिजेत. दुसऱ्या वेळी फक्त निचऱ्याची चिठ्ठी दुसऱ्या चौकटीत टाकावी. गुण बदलता कामा नयेत. तिसऱ्या वेळी सर्व चिठ्ठ्या ‘चोपण’ चौकटीत लोटाव्यात. पूर्ण गुण मिळाल्यास रचना सदोष आहे असे समजावे.

पाठ झाल्यावर कार्यकर्त्याने शेतकऱ्याची मृदा आरोग्य पत्रिका पाहावी. तीत सामू व विद्युत वाहकता असते, विनिमययोग्य सोडियम नसतो. सामू ८.५ च्या वर असल्यास सोडियमची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी करून घ्यावी. तिचा निकाल येईपर्यंत जिप्समची खरेदी करू नये.