मॉनिटर नवा, अक्षरे मात्र धूसर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारे अनेक नाशिककर लॅपटॉप घेऊन घरी परतले. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको परिसरात जेवणाच्या टेबलावरच कार्यालये थाटली गेली. लहान पडद्याला कंटाळलेल्यांनी मग मोठा मॉनिटर आणून लॅपटॉपला जोडला. टाळेबंदी उठली तरी घरून काम करण्याची रीत काही अंशी टिकून राहिली आणि तिच्यासोबत एक तक्रारही टिकली. मॉनिटर नवाकोरा, पण त्यावरची अक्षरे धूसर.

रोमन लिपीतील मजकूर थोडा पुसट झाला तरी वाचता येतो. देवनागरीचे तसे नाही. ‘त्र्यंबकेश्वर’ हा एकच शब्द लहान आकारात लिहून पाहावा. रिझोल्युशन चुकलेले असेल तर अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेत विरघळतो आणि जोडाक्षराचा नुसता काळा डाग उरतो. मुद्रितशोधन करणाऱ्याला हा दोष चांगलाच महागात पडतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी संगणकावर आराखडे काढणाऱ्यांची अडचण वेगळी; त्यांना वर्तुळ लंबगोल दिसू लागते.

याचे मूळ पडद्याच्या रचनेत आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरला ठिपक्यांची एकच ठरावीक संख्या बंधनकारक नव्हती. सपाट पडद्यावर मात्र ते ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच कायमचे ठरतात. १९२० × १०८० च्या मॉनिटरवर ते २० लाख ७३ हजार ६०० असतात. त्याला १३६६ × ७६८ चे चित्र दिले, तर प्रत्येक ठिपका सुमारे १.४ पट ताणावा लागतो. ठिपक्याचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून शेजारच्या ठिपक्यांत रंग मिसळून वेळ मारून नेली जाते. डोळ्यांना जाणवणारा धूसरपणा तो हाच.

असे अर्धवट चित्र पाठवले जाण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे असते. लॅपटॉप आणि मॉनिटर या दोहोंवर एकच चित्र दाखवण्याचा ‘डुप्लिकेट’ पर्याय निवडला, की दोघांना झेपेल असे रिझोल्युशन घेतले जाते आणि बहुधा मोठ्या पडद्यालाच तडजोड करावी लागते. विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे. नंतर ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये बाहेरचा मॉनिटर निवडून ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असेल, तो ठेवावा. अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्युशन कमी करण्याचा मोह टाळून ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. निम्म्या तक्रारी या गल्लतीतूनच जन्मतात, असे म्हटले तरी वावगे ठरू नये.

योग्य आकडा यादीतच नसेल तर संशय वायरीवर घ्यावा. प्रत्येक मॉनिटर आपली क्षमता सांगणारे एक छोटे ओळखपत्र लॅपटॉपला पाठवतो. ‘ईडीआयडी’ नावाची ही व्यवस्था १९९४ पासून आहे. जुनी व्हीजीए वायर किंवा स्वस्तातला जोडणीचा तुकडा हे ओळखपत्र पोहोचवू शकला नाही, तर लॅपटॉप अंदाजाने १०२४ × ७६८ सारखे चौकोनी चित्र पाठवतो. रुंद पडद्यावर ते ताणले जाते आणि वर्तुळाचा लंबगोल होतो. दुसरी एचडीएमआय वायर लावून पाहण्यात फारसा खर्च नाही. ‘फोर-के’ मॉनिटरवर माऊस अडखळत चालत असेल, तर जोडणी एचडीएमआय १.४ ची असण्याची शक्यता मोठी. ती त्या रिझोल्युशनला सेकंदाला ३० चित्रेच देते. ६० चित्रांची सोय २०१३ च्या २.० आवृत्तीत आली.

वायर बदलूनही फरक पडला नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असे नाव दिसल्यास ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर बसलेलाच नाही, हे उघड आहे. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

मॉनिटर परत करण्याआधी त्याच्या बटणांमधील माहितीचे पान जरूर पाहावे. लॅपटॉपकडून प्रत्यक्षात किती रिझोल्युशन येत आहे, हे तेथे दिसते. तो आकडा खोक्यावरील आकड्यापेक्षा कमी असेल, तर दुकानदाराशी वाद घालायला जाऊ नये. दोष बहुधा लॅपटॉपच्या किंवा वायरीच्या बाजूला असतो.