निष्ठेचे मोल

वेतनाच्या वाटाघाटी अडल्या की मालक तो शत्रू, हा उद्योगजगताचा रूढ हिशेब. अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सच्या वैमानिकांनी २००८ मध्ये तो खोटा ठरविला. करार रखडलेला असतानाच सहसंस्थापक हर्ब केलेहर अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. आणि वैमानिकांच्या संघटनेने एका राष्ट्रीय दैनिकात पानभर जाहिरात देऊन त्यांचे जाहीर आभार मानले! ही भाबडी स्वामिभक्ती खचित नव्हे. १९९० च्या दशकात वैमानिकांनी समभागांच्या हक्काच्या मोबदल्यात पाच वर्षे वेतनवाढ सोडली, तेव्हा केलेहर यांनी स्वतःचेही वेतन गोठविले होते. आभार मानले, तरी मागणी सोडली नाही. नवा करार २००९ मध्ये झाला. त्यागाची हाक देणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटातील घास कमी करावा. मग निष्ठा मागावी लागत नाही.