आपले आणि परके ओळखणारी यंत्रणा

माणसाच्या शरीरातली रोगप्रतिकार यंत्रणा हृदयासारखी किंवा यकृतासारखी एका जागी सापडत नाही. हाडांतली अस्थिमज्जा, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी, प्लीहा, घशातले टॉन्सिल, शेकडो लसिका ग्रंथी आणि रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी मिळून ती बनते. इतक्या विखुरलेल्या यंत्रणेचे मूळ काम मात्र एकच आहे: शरीराचे आपले काय आणि परके काय, हे ओळखणे. जंतूंचा नाश ही त्यानंतरची पायरी.

बहुतेक जंतूंना आत शिरताच येत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि सतत झडत असल्याने जंतूंना तिथे फारसा जम बसवता येत नाही. श्वासनलिकेतला चिकट स्राव धूळ आणि जंतू धरून ठेवतो. जठरातल्या आम्लात अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे जंतू मरतात. अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम नावाचे विकर असते. ते जीवाणूंची भित्तिका फोडते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२२ मध्ये, पेनिसिलिनच्या सहा वर्षे आधी, शोधून काढले.

पायात काटा मोडला की हा बाहेरचा अडसर तुटतो. जखमेजवळच्या भक्षक पेशींना जीवाणूंच्या अंगावरचे काही ठरावीक रेणू ओळखता येतात. माणसाच्या पेशींवर ते नसतात. ओळख पटताच या पेशी रासायनिक संदेश सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात. जागा लाल होते, सुजते, ठणकते. रक्तातून न्यूट्रोफिल पेशी तिथे लोटतात, जीवाणू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच. एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले, तेव्हा काट्याभोवती गोळा होणाऱ्या अशाच पेशी त्यांना दिसल्या. या संशोधनाला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या पहिल्या फळीला जंतूची जात कळते, नेमका कोणता जंतू ते कळत नाही. ती माहिती डेंड्रायटिक पेशी पुरवतात. जंतूचे तुकडे घेऊन त्या लसिकावाहिन्यांतून जांघेतल्या ग्रंथींत पोहोचतात. पाय पिकल्यावर जांघेत जे अवधाण येते, ते तिथे चाललेल्या या कामाचे लक्षण असते. ग्रंथीत टी आणि बी या दोन प्रकारच्या लसिकापेशी असतात. प्रत्येक पेशीवरचा ग्राहक वेगळा असतो आणि तो ठरावीक तुकड्यालाच चिकटतो.

माणसाकडे प्रथिने घडवणारी जनुके जेमतेम २०,००० असताना ग्राहक मात्र कोट्यवधी तऱ्हांचे कसे, हे कोडे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये सोडवले. वाढणाऱ्या बी पेशीत जनुकांचे तुकडे कापले जातात आणि नव्या जुळणीने जोडले जातात. म्हणजे जंतू येण्याआधीच त्याला ओळखणारी पेशी बहुधा तयार असते. जंतू आला की तीच निवडली जाते आणि तिच्या असंख्य प्रती निघतात, हा सिद्धांत फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडला होता.

अशा योगायोगाच्या जुळणीतून शरीरावरच उलटणाऱ्या पेशीही निपजतात. म्हणून टी पेशींची थायमसमध्ये पारख होते. स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच मारल्या जातात.

उरलेल्यांत कामाची वाटणी असते. मारक टी पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरून नष्ट करतात. साहाय्यक टी पेशींच्या इशाऱ्यावर बी पेशी प्रतिपिंडे सोडू लागतात. प्रतिपिंडे जंतूंना चिकटून भक्षक पेशींचे काम सोपे करतात आणि विषे निकामी करतात. धनुर्वाताच्या विषाविरुद्धचा असा गुण प्रतिकारक्षम बनवलेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवात असतो, हे बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवले.

पहिल्या गाठीला या तयारीस एक-दोन आठवडे लागतात. नंतर काही पेशी स्मृतिपेशी म्हणून टिकतात आणि तोच जंतू पुन्हा आला की काही दिवसांतच प्रतिसाद उभा राहतो. फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी कुणालाही तो पुन्हा झाल्याचे पीटर पानुम यांना आढळले नाही. ही आठवण आजाराविना मिळवून देणे हे लसीचे काम. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत मारलेल्या जीवाणूंपासून प्लेगची लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेतूनच परळची हाफकिन संस्था उभी राहिली.

यंत्रणेच्या मर्यादाही ओळखीशीच निगडित आहेत. इन्फ्लुएंझाचा विषाणू रूप बदलत राहतो, त्यामुळे जुनी स्मृती अपुरी पडते. एचआयव्ही साहाय्यक टी पेशींनाच ग्रासतो. ॲलर्जीत परागकणांसारख्या निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध प्रतिसाद उठतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच पेशी मारल्या जातात. थायमसमधून निसटलेल्या, शरीरावरच उलटणाऱ्या टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. २०२५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला यंत्रणा दबवणारी औषधे सहसा कायम घ्यावी लागतात, कारण दात्याने दिलेला अवयव जीव वाचवणारा असला तरी तिच्या लेखी तो परकाच असतो.